दहा लाथा, मग वर

३ एप्रिल
पुन्हा तेच. भिंतीवरून निघाले झकास आणि आठव्या मीटरला बुचासारखी वर! बॅकस्ट्रोकला, म्हणजे पाठीवर पोहताना, भिंतीपासून पंधरा मीटर पाण्याखाली राहता येतं, तिथेच वेग जास्त; पुढे गेलं की बाद. माझ्यासाठी तो नियम नसता तरी चाललं असतं. सर काठावरून, "गुडघे काहून मोडून राहिली वं? सायकल चालवून राहिली का?" नाकात पाणी. डोकं भणभणतंय.

६ एप्रिल
सरांचं नवीन. पाठीवर असताना पंधरा मीटरची खूण दिसत नाही, म्हणून मोजायचं. दोन्ही पाय जोडून दहा लाथा, मग वर. मारल्या. अकरा मीटर. "लाथ कमरेतून काढ. खाली दाबतानाही जोर लाव." कळतं हो! पायांना कळत नाही, त्याला काय करू?
निवड चाचणी २० ला. पहिल्या दोघी राज्य स्पर्धेला. पुढच्या वर्षी वरचा वयोगट, तिथे माझा निभाव नाही. म्हणजे यंदाच.

११ एप्रिल
काल कशीबशी तेराला पोचले आणि आज तलाव बंद. पाणी बदलणार म्हणे, आठवडाभर! आत्ताच मुहूर्त सापडला. सर म्हणतात घरी कर. तखतावर उताणी पडून शंभरदा कंबर हलवली. आई दारात, "काहून आपटून राहिली वं? अंगात आलं का तुह्या?" बाबा नुकतेच कोराडीच्या वीज प्लांटवरून आलेले, हसून बेजार. यांच्यापुढे कपाळ फोडण्यात अर्थ नाही.

१५ एप्रिल
आज जमलं!! गुडघे गप्प, लाथ थेट पोटातून. जमलं तेव्हा पाणी नाही. माझं नशीब.

१९ एप्रिल
तलाव उघडला. सरांनी सावकाश पोहायला लावलं, पाय ताजे राहावेत म्हणून. पाण्याखालच्या लाथा एकदाही नाही. "उद्या फक्त दहा मोज. बाकी विसर."

२० एप्रिल, दुपार
शंभर मीटर. दहा मोजल्या, इमानदारीत. पाणी असं कधी मागे गेलंच नव्हतं. वर आले तर शेजारी कोणी नाही. पहिली आले.
बाद. पंच बाई म्हणाल्या, डोकं पंधराच्या वीतभर पुढे निघालं.
लाथ सुधारली आणि आकडा तोच ठेवला! मला सुचलं नाही, सरांनाही नाही. सर शेजारी येऊन बसले. "माही चूक झाली वं." राग आला. मग रडू आलं. डबा तसाच.
दोनशे मीटरची शर्यत चार वाजता. त्यातल्याही पहिल्या दोघी जातात. सर म्हणतात आठ मार. सोबत आलेली आई म्हणते, "सहाच मार, पण बाद नको होऊ माय." सहा मारल्या तर बाद होणार नाही, हरेन. मोजून बघावं तर तलावात मुलांच्या शर्यती चालू.
पुकारा झाला. ठरलं, आठच मारायच्या.
नऊ माराव्याशा वाटतायत.