कडुलिंबाखालची मेणबत्ती

इंदूर,
चैत्र वद्य, १९५५

प्रिय पद्मा,

तुझं पत्र पोचलं. रविवारी मी बाप्तिस्मा घेतला तर तुझ्या बेबीच्या लग्नाला ग्वाल्हेरला येऊ नये, आणि यायचंच असेल तर लग्न पार पडेपर्यंत थांबावं, मग हवं ते करावं, असं तू लिहिलं आहेस. अक्षर तुझं आहे, पण वाक्यं शामरावांची वाटतात. सरकारी नोकर ते. ज्यांचं सरकारच राजधानी उचलून अर्धं वर्ष ग्वाल्हेरला आणि अर्धं वर्ष इंदूरला राहतं, त्यांना कुठलीही गोष्ट पुढे ढकलायला काही वाटत नाही. जावईबापूंना रागावून लिहीत नाही मी, गंमत करतोय. पण थांबणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुला धाकधूक न होता वाचता येईल.

बाहेर काय बहार आहे म्हणून सांगू! गल्लीच्या तोंडाशी पिंपळाला तांबूस, ओलसर पानं फुटली आहेत, वाऱ्यावर नुसती सळसळतात. रंगपंचमीला पोरांनी टेसूचं, म्हणजे पळसफुलांचं, पाणी उडवलं होतं, त्याचा केशरी डाग ओट्यावर अजून आहे. मी पुसू देत नाही कुणाला. तुला आठवतं, शाळेत मी वसंताच्या कविता चैत्राखेरीज शिकवत नसे? इन्स्पेक्टर म्हणायचे, मास्तर, अभ्यासक्रमात ती कविता आषाढात आहे. मी म्हणायचो, आषाढात कोकीळ माझं ऐकत नाही. वर्गाच्या खिडक्या सताड उघडायचो आणि कविता म्हणायचो. पोरं जांभया द्यायची. तू शेवटच्या बाकावर पाय हलवत बसलेली असायचीस, कारण घरी तुझ्या आईला आवरायला वेळ हवा असे.

आणि तुझी आई! लोकांना वाटायचं, गजानन मास्तर कविता करतात. करायचो मी, पण वृत्तात बसवायची इंदुमती. तुझ्या लग्नाची मंगलाष्टकं झाली ती आपल्या स्वयंपाकघरात. मी ओळ म्हणायचो, ती पोळ्या लाटता लाटता लाटण्यानं पोळपाटावर ठेका धरायची. मात्रा चुकली की लाटणं थांबायचं. नुसतं थांबलेलं लाटणं बघून मी ओळ बदलायचो.

ती गेली आणि ते लाटणं कायमचं थांबलं. तुला मी कधी सांगितलं नाही, पद्मा, पण त्यानंतर कविता माझ्या तोंडात राखेसारखी झाली. इतकी वर्षं पोरांना सांगत आलो, शिशिर संपतो, वसंत येतो. मग वाटायला लागलं, आपण थापा मारत होतो. झाडाला पालवी फुटते, ठीक आहे. पण गळून पडलेलं पान काही परत फांदीवर चढत नाही. गेल्या वर्षीचा चैत्र मी खिडक्या लावून काढला. तू आली होतीस तेव्हा म्हणालीस, बाबा, घरात कोंदट वास येतोय. वास माझाच होता.

त्याच चैत्रात, हनुमान जयंतीला मात्र सवयीनं पहाटे उठलो आणि मारुतीच्या देवळाकडे निघालो. पौर्णिमेचा चंद्र मावळतीला टेकलेला. वाटेत ख्रिस्ती लोकांचं कबरस्तान लागतं, तिथं अंधारात दिवे हलताना दिसले. आधी घाबरलो, मग गाणं ऐकू आलं. मराठीत, आणि शेवटचा चरण हिंदीत. फाटकाशी उभा राहून ऐकू लागलो. त्या दिवशी त्यांचा ईस्टर होता. सूर्य उगवायच्या आत आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायच्या आणि गाणी म्हणायची, अशी त्यांची रीत. कबरीपाशी गाणी! मला ते बेशिस्त वाटलं. आणि पाय निघेना.

तेवढ्यात एक बाई पुढे आल्या. सुमेधाबाई, इथल्या दवाखान्यात नर्स आहेत. तेव्हा मला ठाऊक नव्हत्या. त्यांनी माझ्या हातात एक पेटती मेणबत्ती दिली आणि विचारलं, "तुमची कबर कुठली, आजोबा?"

काय सांगणार? आपल्यात कबर नसते. इंदुमतीच्या अस्थी मी स्वतः नर्मदेत सोडल्या, ओंकारेश्वरला. मी म्हणालो, "माझ्या माणसाची जागाच नाही कुठे." त्या बाईंना चूक कळली, पण मेणबत्ती परत घेतली नाही त्यांनी. म्हणाल्या, "मग जिथं फुलतंय तिथं लावा."

भिंतीशी एक कडुलिंब होता, बुंध्याला पोकळ, वर मोहरलेला. त्याच्या मुळाशी मी ती मेणबत्ती टेकवली. मोहराची बारीक फुलं टोपीवर पडत राहिली. आणि पद्मा, खरं सांगतो, पोळपाटावरचा तो ठेका मला पुन्हा ऐकू आला. एक ओळ आली. इतक्या दिवसांनी पहिली. मारुतीचा सुंठवडा त्या दिवशी राहिला तो राहिलाच.

मग मी ख्रिस्ताचं शुभवर्तमान वाचायला घेतलं, कवितेसारखं, हळूहळू. मातीत गेलेल्या दाण्याबद्दल बोलणारा, रानातली फुलं दाखवणारा हा माणूस मला आमच्याच वर्गातला वाटला. आणि मग ती पहाट. कबर रिकामी बघून एक बाई बागेत रडत उभी आहे, तो समोर येतो, आणि तिला वाटतं, हा माळी आहे! मी पुस्तक मिटलं. मरणातून उठलेला देव आणि तो माळी वाटावा, हे ज्यानं मनानं रचलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आहे, त्याच्यावर मी विश्वास टाकला. बस्स. एवढीच माझी भानगड. खिडक्या त्याच दिवशी उघडल्या.

लोकांचं म्हणशील तर मिशनवाले फुकट वाटतात त्या दुधाच्या भुकटीवरून शेजारचे नाना रोज टोचतात, "क्यों मास्साब, पावडर का दूध शुरू हो गया?" मी सांगतो, अजून नाही, मिळालं की तुमच्या चहासाठी पाठवतो. गणेशोत्सवाच्या मंडळानं स्वागताचं पद्य दुसऱ्याकडे दिलं. होळकरांच्या शिलेदाराच्या वंशात हे काय, असंही ऐकवून झालं. मी म्हटलं, शिलेदार तोंड लपवून लढायला शिकवत नव्हते.

पण तिकडेही मी काही गरीब गाय नाही. पाळकसाहेब भला माणूस आहे. परवा म्हणाले, "मास्साब, नया जन्म, तो नया नाम भी." गजानन हे नाव त्यांना चर्चच्या वहीत अवघड वाटतं. मी त्यांना हात धरून त्या कडुलिंबाखाली नेलं. विचारलं, साहेब, याला दरसाल नवी पालवी येते, म्हणून हा आंबा होतो का? माझ्या आईनं हाक मारलेलं नाव आहे, इंदुमतीनं उखाण्यात घेतलेलं. ज्यानं मला बोलावलं त्यानं याच नावानं बोलावलं. ते हसले आणि कबूल झाले. रविवारी गजानन हेच नाव घेणार आहेत.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी लिहायला बसलो. तुझ्या पत्राच्या शेवटी, समासात, उभ्या बारीक अक्षरात एक ओळ आहे. ती मात्र तुझी आहे, शामरावांची नाही: "बेबी तुमच्या मंगलाष्टकासाठी अडून बसली आहे. तेवढं पाठवा. छापताना तुमचं नाव घालणार नाही, म्हणजे कुणी काही विचारणार नाही." पोरी, त्या कडुलिंबाखाली आलेली ओळ बेबीचीच होती. तीच वाढत गेली. शेवटचे दोन चरण असे:

गेली पानगळी नि चैत्र फिरुनी आला तुझ्या अंगणी,
ज्याने मृत्युहि जिंकिला प्रभु तुझे कुर्यात् सदा मंगलम्।

हा प्रभू कोण, असं मांडवात कुणी विचारलं तर मी सांगणार. विचारलं नाही तर अक्षता टाकून गुपचूप जिलबी खाणार. मी येतोय, पद्मा. दारातून परत पाठवायचं असेल तर तू स्वतः दारात उभी राहा, शामरावांना पुढे करू नकोस. आणि मला मांडवात जागा नसेल तर हे मंगलाष्टक तू म्हण. आईचा गळा तुझ्याकडे आहे. पण कागदावर खाली नाव छाप. नाव गाळायचं असेल तर चरणही गाळ, बेबीला मी समजावीन. एकानं मला नवं नाव द्यायला बघितलं, तुम्ही जुनं पुसायला बघताय. मी दोघांनाही एकच सांगतो: कवी गजानन, बेबीचा आजोबा. रविवारच्या आधी तेच, नंतरही तेच.

तुझाच,
बाबा