धाकटीला, परिषदेच्या फायद्याबद्दल

ता. ७ मार्च, शनिवार

प्रिय धाकटे,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. इकडे सगळं ठीक आहे, माझे गुडघे सोडून. लेक कामावर जाते, जावई नाक वर करून हिंडतो, दुकानात दोन मशीनं चालू आहेत आणि तिसरीचा पट्टा परवा तुटला. तुम्ही सगळे मजेत असाल असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. दोन वर्षांनी आठवण झाली तुला. आणि तीही फोन करून नाही, पत्र टाकून. तुझं सगळं पहिल्यापासून असंच.

पाकिटावरचं अक्षर बघून वाटलं कुणा शाळेतल्या पोराकडून लिहून घेतलंस. मग आत वाचलं की डाव्या हाताने लिहिलंय. माझं अक्षर तर तुला ठाऊकच आहे. चौथी शिकलेल्या बाईचं असतं तसं. लेकीकडून टाइप करून घेता आलं असतं, पण हे तिच्यासमोर बोलायचं नव्हतं.

तू विचारलंस ते आधी सांगून टाकते. तू इंटरनेटवर स्वतःचा फोरम काढलायस, हात अधू झालेल्या कारागिरांसाठी. साठ मेंबर झालेत. आणि दरवर्षी फोरमच्या मालकांची परिषद भरते, तिला जाऊन काही फायदा होतो का, असं विचारलंस. "ताई, तू तीनदा गेलीस म्हणून तुलाच विचारते."

काही फायदा होत नाही. जाऊ नकोस.

मोठं हॉटेल असतं, खाली गालिचा इतका जाड की चप्पल रुतते. दारात एक मुलगी तुमच्या गळ्यात नावाची पट्टी अडकवते. पहिल्या वर्षी ती मला म्हणाली, "आई, तुम्ही कुणाबरोबर आलात?" मी म्हटलं, "माझ्याबरोबर." आत गेलं की स्टेजवर एकेक पोरगा येतो, भिंतीवर गोल आणि बाण दाखवतो, आणि मेंबर टिकवायचे कसे ते सांगतो. त्याच्या स्वतःच्या फोरमवर चिटपाखरू नसतं. बाकीचे सगळे काहीतरी विकायला आलेले. उभ्याने जेवायचं. एका हातात ताटली, दुसऱ्या हातात चमचा, आणि तेवढ्यात समोरचा आपलं कार्ड पुढे करतो. ते काय दातात धरायचं? तुला तर ताटलीच धरवणार नाही.

तेव्हा घरी बस. साठ मेंबर सांभाळ. उगाच प्रवासाची दगदग करून घेऊ नकोस.


ता. ९, सोमवार

वरचं शनिवारी लिहिलं. पाकीट चिकटवायला घेतलं आणि आधी एकदा वाचून बघितलं. जेवणाचं तेवढं खरं आहे. बाकी मी खोटं बोलले. परिषदेचा फायदा होतो. मला झाला. म्हणूनच तू येऊ नयेस असं वाटतं.

नीट सांगते. घाई करू नकोस, शेवटापर्यंत वाच.

आपला शिवणकामाचा फोरम दोघींनी मिळून काढला, हे मी कुणाला सांगत नाही, पण तुला माहीत आहे. मी बोलायचे, तू टाइप करायचीस. मालक म्हणून नाव माझं लागलं, कारण दुकान माझं. दीडशे बायका होत्या तोवर गंमत होती. चार हजार झाल्यावर माझी झोप उडाली. कुणीतरी कुणालातरी "तुमची शिलाई बाजारू" म्हणायचं, की चार दिवस धुमश्चक्री. घरात कुणाला सांगायला जावं, तर जावई म्हणायचा, "अहो, बंद करा ना तो डबा."

परिषदेत तीनशे माणसं अशी भेटली की ज्यांना हे सांगावं लागत नाही. एक बाई आजारी मुलांच्या आयांचा फोरम चालवते. ती माझ्या शेजारी बसून म्हणाली, "माझ्याकडे दोन आया भांडतात आणि मला घरचा भात कच्चा लागतो." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! फोरमची दुसरीकडे रोजची नक्कल ठेवायची, हे मी तिथेच शिकले. पुढच्याच महिन्यात सगळं उडालं, तेव्हा त्या नकलेवरून आपलं सहा वर्षांचं बोलणं परत आलं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी तिथे चालत गेले असते. आणि जेवताना लोक मला "मालकीणबाई" म्हणतात. मला आयुष्यात दुसरं कुणी असं म्हटलेलं नाही. तुला दहावीपर्यंत शिकवायचं म्हणून मी अकराव्या वर्षी मशीनवर बसले, तेव्हाही नाही. सगळे तुझ्याच हुशारीचं कौतुक करत होते.

आता ते कॉलरचं. तू विसरली नसशील. एका बाईने विचारलं, शर्टाच्या कॉलरला पट्टी किती धरायची. मी उत्तर दिलं. खाली तू लिहिलंस, "ताईंचं माप चुकलंय, असं कापलं तर कॉलर मान टाकेल." अगदी गोड शब्दांत, खाली हसरा चेहरा टाकून. एकतीस बायकांनी तुझे आभार मानले. माझ्या फोरमवर, माझ्या देखत. माप चुकलं होतं हे मला दुसऱ्याच मिनिटाला कळलं होतं. म्हणून तर झोंबलं. त्यानंतर आपलं फोनवर काय बोलणं झालं ते पुन्हा लिहीत नाही. "तू अडाणी ती अडाणीच राहणार" हे तुझं वाक्य होतं, माझं नव्हे, एवढं लक्षात ठेव.

त्याच महिन्यात मी दुसऱ्यांदा परिषदेला गेले. जेवायला माझ्या टेबलाशी एक गृहस्थ होता, काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांचा फोरम आहे त्याचा. आम्ही त्याला मासेवालाच म्हणतो. मी विचारलं, एखादा मेंबर फार शहाणपणा करत असेल तर तुम्ही काय करता? काढून टाकता?

तो म्हणाला, "काढायचं कशाला मालकीणबाई? काढलं की दुसऱ्या नावाने परत येतो. त्याला राहू द्या. एक खूण करायची असते, आतल्या पानावर. मग तो लिहितो ते त्याला दिसतं, दुसऱ्या कुणाला दिसत नाही. खासगी निरोपसुद्धा पोचत नाही. आठवडाभर बडबडतो, कुणी उत्तर देत नाही, मग आपोआप गप्प होतो. आमच्या टाकीतल्या माशासारखा. तोंड हलतं, आवाज नाही."

सगळं टेबल हसलं. मीही हसले. कागदी रुमालावर त्याच्याकडून ती खूण लिहून घेतली.

घरी येऊन तुझ्या नावापुढे केली.

कळलं? तुझं फोरमवर कुणी ऐकेनासं झालं ते बायका तुझ्यावर रुसल्या म्हणून नव्हे. त्यांना तू दिसतच नव्हतीस. विश्वास बसत नसेल तर फोरममधून बाहेर पड, आणि नाव न टाकता नुसतं उघडून बघ. तुझी त्या दिवसानंतरची एक ओळ सापडणार नाही. एका बाईने विचारलं होतं, धाकट्या ताई हल्ली कुठे असतात? तू बघायच्या आत मी ती पोस्ट काढली आणि त्या बाईला खासगीत कळवलं, धाकटीला आता आपल्यासाठी वेळ नसतो.

मला मात्र तुझं सगळं दिसायचं. मालकाला दिसतं, करड्या अक्षरांत. दोनशे सहा पोस्ट. सुरुवातीला मी रोज चहाबरोबर वाचायचे. तू कुणाला तरी बाहीचा घेर समजावून सांगायचीस, छान, एकेक पायरी करून, आणि खाली शुकशुकाट. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. म्हणायचे, घे आता आभार, कुणाकुणाचे घेतेस ते.

मग हाताचं आलं.

"उजव्या हाताच्या तीन बोटांना मुंग्या येतात. सुई धरलीये की नाही तेच कळत नाही. कुणाला असं होतं का?" ही पहिली. पुढच्या महिन्यात, "हात झटकला की थोडं बरं वाटतं. कुणी काही औषध केलंय का?" मग, "आज कात्री हातातून सुटली, गिऱ्हाइकाचं कापड गेलं." मग, "अंगठ्याखालचं मांस बसल्यासारखं दिसतंय." मग एक नुसतीच, "माझं काही चुकलं का? कुणीच बोलत नाही."

धाकटे, आपल्या फोरमवर चाळीस तरी बायका आहेत ज्यांना हेच झालंय. शिवणाऱ्यांना होतंच. मनगटातली नस दबते. पहिल्या पोस्टला तासाभरात दहा जणींनी तुला डॉक्टरकडे पिटाळलं असतं.

आणि मला तर विचारायलाच नको. मला तुझ्या आधी तीन-चार महिने झालं होतं. बोटंही तीच. अर्ध्या तासाचं ऑपरेशन, तीन टाके, संध्याकाळी घरी येऊन मी लेकीला ओरडत होते. आता मी या हाताने जाड कापडाचे चार थर कापते. तुला कळवलं नव्हतं, कारण आपण बोलत नव्हतो.

मी वाचत होते आणि बोलले नाही. एक वर्ष आणि दोन महिने.

मी मनाला सांगायचे, फोन करू दे ना, एक फोन केला तर लगेच सांगेन. मोठ्या बहिणीला विचारायला लाज वाटते, आणि चार हजार परक्या बायकांना विचारते! असं म्हणून मी मोबाइल पालथा घालायचे. आता कागदावर लिहून बघितलं तर ते किती भिकार दिसतं. पण तेव्हा मला ते पटत होतं. तुलाही ताठा कमी नाही, हे मी आजही म्हणेन.

शेवटची पोस्ट तू दुकान बंद केल्याची. "सगळ्या ताईंना नमस्कार. तुमच्याकडून खूप शिकले. चुकलं माकलं माफ करा." त्या दिवशी मी चहा न घेता उठले. उठले आणि मशीनवर बसले, दुसरं काही केलं नाही. तुझ्या डॉक्टरने आता नस मेली म्हणून सांगितलं, ते मला तुझ्या पत्रातून कळलं असं समजू नकोस. तेही तू तिथेच लिहिलं होतंस.

हे सगळं आज का सांगते? मन भरून आलं म्हणून नव्हे. तू परिषदेला यायचं म्हणतेस म्हणून. मासेवाला तुला पहिल्याच जेवणाला भेटेल. तो सगळ्यांशी बोलतो. मी एकदा त्याला सांगून बसले होते की खूण बहिणीवर चालवली. त्याने त्याचा किस्सा केलाय. नाव घेत नाही, "एका बाईने सख्ख्या बहिणीला टाकीत सोडलं" एवढंच म्हणतो, आणि टेबल हसतं. तू हातात ताटली धरायची धडपड करत त्या टेबलाशी उभी असशील, आणि तुला ते तिथे कळेल. ते मला नकोय. त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. हा तुझा विचार केला का माझा, ते मलाही सांगता येत नाही.

आणखी एक आहे. या वर्षी त्यांनी मला स्टेजवर बोलावलंय. छापील कागदावर माझं नाव आलंय, खाली विषय आहे, "फोरमवर शांतता कशी राखावी". आपल्याकडे भांडणं होत नाहीत म्हणून मला बोलावलं. मी जाणार आहे. तुझ्यासाठी ते सोडणार नाही, आणि सोडीन असं लिहून तुझी फसवणूक करणार नाही.

तुझ्या नावापुढची खूण मी अजून काढलेली नाही. दोनदा बोट नेलं. काढली की दोनशे सहाच्या दोनशे सहा पोस्ट एका क्षणात चार हजार बायकांसमोर येतील, तारखांसकट. त्या तारखा वाचतील आणि मग माझ्याकडे बघतील. माझ्यात तेवढी हिंमत नाही. तुझ्या साठ जणांत तू हे पत्र वाचून दाखवलंस तर मी तुला अडवू शकत नाही. तिथली मालक तू आहेस.

आज सकाळी तुझ्या त्या हाताच्या पहिल्या पोस्टखाली मी उत्तर लिहिलं. सगळ्यांना लिहिते तसंच, अहोजाहो करून. "ही मनगटातली नस आहे. दुखणं अंगावर काढू नका, याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा. हात वाचतो." खाली आजची तारीख पडली आहे. ते फक्त तुला आणि मला दिसेल.

मोठीने शेवटी आशीर्वाद लिहायचा असतो. ती जागा मी मोकळी सोडते.

तुझी
ताई