पॅगोड्यातली वंदना

शिआन, चीन
१२ ऑक्टोबर १९८६

माय, तुले दुरून जयभीम.

मी खुशाल आहो. तू विणलेला स्वेटर कामी येऊन राह्यला. तुहा खोकला कसा आहे? शेजारच्या श्रावणसंगं दवाखान्यात जाजो.

काल आमची सहल ह्युएनत्संगाचा पॅगोडा पाहाले गेलती. त्यानं आपल्या देशातून आणलेल्या पोथ्या इथंच ठेवल्या होत्या. बुद्धमूर्तीपुढं मी जोडे काढले अन् मोठ्यानं वंदना सुरू केली. पहिली ओळ म्हटली अन् तुह्यासारखाच थांबलो, मागून कोणी म्हणन म्हणून. सारे फोटो काढून राह्यले होते. मग तीच ओळ मीच पुन्हा म्हटली.

घरी रोज तू एकेक ओळ सांगते अन् मी मागून म्हणतो. माय, आता तुह्या मागून कोण म्हणते?

तुहाच,
कवडू