दुप्पट वेगाचे अण्णा

चिंचवड
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

चि. अनंत,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे मजेत आहोत. तूही असशीलच, चऱ्होलीच्या नव्या फ्लॅटच्या बाल्कनीतले तुझे फोटो रोज बघायला मिळतात. वर्षालीची बदली टळली, तुमचा दोघांचा संसार एकाच गावात राहिला, हे वाचून बरं वाटलं.

चिंचवडहून चऱ्होलीला पोस्टाने पत्र पाठवणारी ताई वेडी झाली, असं तुला वाटेल. वाटू दे. फोन केला की तू "ताई, ऐकतोय, बोल" म्हणतोस आणि मागे तुझी बोटं लॅपटॉपवर टकटक करत असतात.

तुझं ते ऑनलाइन सत्र मी पाहिलं. घरच्या ग्रुपवर तूच लिंक टाकली होतीस, 'मनापासून ऐकण्याची कला'. चाकणच्या तुमच्या कंपनीतले सुपरवायझर बिचारे शिफ्ट संपवून जांभया दाबत बसले होते. तू आधी सगळ्यांचे माइक बंद करायला लावलेस आणि मग दीड तास एकटाच बोललास. समोरच्याच्या शब्दांमागचा श्वाससुद्धा ऐकता आला पाहिजे, म्हणालास. शेवटी एकाने काही विचारायला हात वर केला, तर वेळ संपली म्हणून त्याला वाटेला लावलंस. कोट मात्र शोभत होता. जाता जाता एक युक्तीही सांगितलीस: लांबलचक व्हॉइस मेसेज दुप्पट वेगाने लावायचे, मी तर सगळे तसेच ऐकतो. तेव्हा मी हसून सोडून दिलं.

मग मंगळवारी तू ग्रुपवर लिहिलंस, "अण्णा आता एकदम पूर्वीसारखे बोलतात. पूनम मॅडमनी यायची गरज नाही, मी त्यांना तसं कळवतो." खाली टाळ्यांची रांग. मी वाचून चक्रावले. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून अण्णा एक शब्द बोलतात, थांबतात, छताकडे बघतात आणि दुसरा शोधून आणतात. पूनम त्यांना बोलणं पुन्हा शिकवते आहे, ते या गतीनेच. तुला मेसेज पाठवायचा असला की सकाळपासून त्यांची तयारी चाललेली असते. पूर्वीसारखं बोलताना तुला ते दिसले कुठे? दिवाळीनंतर तू इथे फिरकलेलाही नाहीस.

कोडं सलोनीने सोडवलं. तुझ्या भाचीला मी म्हटलं, मामाला अण्णांचं नेमकं काय ऐकू येतं ते तरी बघू. तिने अण्णांचा फोन घेतला, त्यांनी तुला पाठवलेला शेवटचा मेसेज लावला आणि वेगाचं बटण दाबलं.

आणि माझ्या स्वयंपाकघरात अण्णा बोलले. भोसरीच्या कारखान्यात मशिनांच्या वर आवाज चढवणारे आपले जुने अण्णा. "अनंता, जेवलास का? रविवारी ये. मला तुझ्याशी बोलायचं हाय." सलग, एकही शब्द न शोधता. मधले सगळे खड्डे तुझ्या बटणाने बुजवून टाकले होते. खाली तुझं उत्तर होतं: अंगठा.

तो रविवार कधीच होऊन गेला.

इथे मी पत्र संपवणार होते. तुझी अक्कल दाखवायला एवढं पुरेसं होतं. पण पुढचं सांगितल्याशिवाय भागणार नाही. अण्णा तिथेच खुर्चीत बसलेले होते. त्यांनी खूण करून मेसेज परत लावायला सांगितला. पुन्हा ऐकला. मग म्हणाले, "त्याला... ह्यो... आवडतो. मी... न्हाई."

त्या दिवसापासून अण्णा घाई करतात. फोन तोंडाशी धरतात आणि त्या फोनमधल्या माणसासारखं भरभर बोलायला जातात. शब्द एकमेकांवर पडतात, ते चिडतात, पुसून टाकतात. तू बंद करवलेल्या पूनमला मी पुन्हा बोलावलं. ती म्हणाली, ही घाई थांबली नाही तर परत आलेले शब्दही हातचे जातील. त्या 'रविवारी ये'नंतर तुला त्यांचा एकही मेसेज आलेला नाही. तुझ्या लक्षात आलं असेल असं मी धरून चालत नाही.

तुझं नाव हा त्यांना परत आलेला पहिला शब्द. माझं अजून येत नाही, जोडाक्षर जड जातं म्हणे. आंघोळ, औषधं, जेवण मी बघते आणि मला ते 'ए' म्हणतात. मला याचा राग येतो, लपवत नाही. पण काल घाईघाईत त्यांचं 'अनंता'च अडकलं. पुन्हा पुन्हा 'अ'वर येऊन थांबले. मग फोन उशीखाली सारला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यानंतर मला तुझा राग यायचाही बंद झाला, नुसती किळस आली.

तर पुढच्या रविवारी ये. फोन गाडीतच ठेव. तुझी ती कला कंपनीत ठेव. अण्णांसमोर बस. ते तुझं नाव घ्यायला लागतील, त्याला वेळ लागेल. मधे शब्द पुरवू नकोस, समजल्यासारखी मान हलवू नकोस, माझ्याकडे बघू नकोस. पूर्ण नाव येऊ दे.

मग 'ओ' दे.

तुझी ताई,
अण्णांची 'ए'