परवानाधारक मयत

चौल, ३ नोव्हेंबर २०२५

चि. मृणालीस बाबांचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

मी खुशाल आहे. वाडीतली सुपारी उतरवून झाली. फोनवर ऐकू येत नाही, म्हणून कागद.

तुझ्या आईचा कॉम्प्युटर खाऱ्या हवेने गंजला होता. रेवदंड्याच्या जीवनने आत नवा बोर्ड घातला. सुरू झाला, पण कोपऱ्यात सारखी सूचना येते, विंडोज सक्रिय करा. शिवाय विंडोज दहाची मुदत ऑक्टोबरातच संपली, आता अकरा घ्या, असं जीवन सांगतो. काका, फुकटात चालू करून देतो, परवाना कोण बघतोय, असंही म्हणाला. त्याला सांगितलं, बत्तीस वर्षं होड्यांचे परवाने मी दिले, मीच बघतो.

कारण माझ्या ध्यानात आलं आहे. परवाना तुझ्या आईच्या नावावर, आणि ती मार्चमध्ये गेली. परवानाधारक मयत झाला की परवाना रद्द, मग वारसनोंद. मृत्यूच्या दाखल्याची साक्षांकित प्रत सोबत जोडली आहे. अर्ज कुठे करायचा ते कळव. घाई नाही.

आशीर्वाद आहेतच. अक्षर मोठं काढ.
— बाबा


देहरादून, १२ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांना मृणालीचा शि. सा. न.

पाकीट फोडलं आणि आधी दाखलाच हातात आला. ऑफिसातून उठून जिन्यात जाऊन बसले. मग पत्र वाचलं आणि तिथेच हसू आलं. जाणारे-येणारे बघत होते.

बाबा, हा होडीचा परवाना नाही. आईने तो दुकानातून विकत घेतला होता. घेणारा जिवंत आहे का, हे कोणी विचारत नाही. बोर्ड बदलल्यामुळे यंत्र ओळख विसरलं, एवढंच. त्याच्याबरोबर मिळालेल्या डबीतल्या कार्डावर पंचवीस अक्षरं-आकडे आहेत. शिवणयंत्राच्या खणात बघा. ते सेटिंगमध्ये भरले की परवाना पुन्हा लागू होईल आणि त्यावरच अकरा फुकट मिळेल. उशीर करू नका. जुन्याला आता सुरक्षेची डागडुजी मिळत नाही.

पण घाई नाही असं का लिहिलंत? अर्ज द्यायला तर तुम्ही ऑफिस उघडायच्या आधी हजर असता!

इथे थंडी पडली आहे. क्वार्टर मोठं आहे, एका खोलीतच राहते.

माया असू द्या, आणि ती सरकारी भाषेत नको.
— मृणाली


चौल, २१ नोव्हेंबर २०२५

चि. मृणालीस अ. आ.

कार्ड सापडलं. भरलं नाही.

खरं कारण लिहितो. रेशनकार्डावरचं तिचं नाव मी कमी केलं. मग बँक, घरपट्टी, मतदारयादी. प्रत्येक रांगेत मीच उभा राहिलो आणि मीच सही केली. बँकेतल्या मुलीने तर, काका किती व्यवस्थित कागद आणलेत, म्हणून कौतुक केलं.

कॉम्प्युटर लावला की पडद्याच्या मधोमध तिचं नाव येतं, 'ठमी'. आता तेवढंच उरलं आहे. तुला प्रत पाठवली आणि पुढचे आठ दिवस टपालवाला दिसला की तुझं उत्तर आलं असेल या धास्तीने मी मागच्या दारी जायचो.

अकरा घातल्यावर ते नाव राहील का, एवढंच कळव. राहणार नसेल तर यंत्राला काय व्हायचं ते होवो.
— बाबा


देहरादून, २९ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांना शि. सा. न.

नाव राहील. मध्येच विचारलं तर 'फायली आणि अॅप ठेवा' यावरच खूण करा, 'काहीही ठेवू नका' याला हात लावू नका. आमच्या ऑफिसात तेरा यंत्रांवर मी स्वतः केलं आहे, एकाचंही नाव गेलं नाही. त्याआधी फायली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, जीवनला बोलवा.

त्या रांगांचं मला सांगितलं असतंत, तर निदान एका रांगेला तरी आले असते. फोनवर मी ओरडून तब्येत विचारते, तुम्ही ओरडून बरी आहे म्हणता. ओरडून याहून जास्त काही बोलता येत नाही.

रागावू नका, पण लिहीत राहा.
— मृणाली


चौल, ९ डिसेंबर २०२५

चि. मृणालीस अ. आ.

काम झालं. पहिल्या वेळी नाकारलं, कारण इंग्रजी बी मी आठ म्हणून भरला होता. जीवन हसला. दुसऱ्यांदा सक्रिय झालं. अकरा उतरायला सगळी दुपार गेली. पडदा तीनदा काळा झाला. जीवन चहाला गेला, मी जागचा हललो नाही.

मग 'ठमी' आलं.

एक गोष्ट मात्र नवी झाली आहे. अधूनमधून पडदाभर सूचना येते, की या यंत्राची मांडणी पुरी करू या. खाली दोन बटणं. एकावर 'पुढे चला', दुसऱ्यावर 'तीन दिवसांनी आठवण करून द्या'. जीवन म्हणाला, काका, एकदा पुढे चला म्हणा, म्हणजे कटकट मिटेल.

मी दुसरं दाबतो. आत्तापर्यंत दोनदा दाबलं.

तुझ्यावर लोभ आहे, हे लिहायचं राहून जातं.
— बाबा