आमच्या रक्तात साखर नाही

४ मार्च
चार बिस्किटांची खरी किंमत आज काढली. लेकीच्या बोटांना सहा टोच, हॉस्पिटलचे दोन हेलपाटे, जावयाची अर्धी रजा आणि डॉक्टरीणबाईंचं वीस मिनिटांचं भाषण. बिस्किटं माझ्याच बेकरीची. लेक सातव्या महिन्यात, आणि म्हणे साखर वाढलीय. शी! तपासणीचं ते कोमट गोड पाणी! आमचे ट्रे विसळल्यावर याहून बरं पाणी निघतं.

बाईंनी पुन्हा विचारलं, घरात कोणाला डायबेटिस? लेकीनं तोंड उघडायच्या आत मी ठणकावलं, आमच्या रक्तात साखर नाही. पहिल्या भेटीतही मीच सांगितलं होतं. त्यामुळे तेव्हाची लवकरची तपासणी टळली, पोरीचा एक टोच वाचला. तुमची कधी तपासलीय का, म्हणाल्या. म्हटलं, काही होतच नाही तर तपासू कशाला? पावात केस निघाल्यासारखं बघितलं माझ्याकडे.

५ मार्च
बाईंचं म्हणणं असं: आईची साखर चढली की अंगात आतल्या आत सूज राहते, ती वारेपर्यंत, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या पिशवीपर्यंत पोचते. बाळ साखर खाऊन फुगतं, आणि जन्मल्यावर त्याची साखर धाडकन पडते. मी पोरीचे पाय बघितले. कुठेही सूज नाही. दिसत नाही ती कसली सूज?

तरी जबाबदारी घेतली. आजपासून वरच्या मजल्यावर, घरातल्या बिस्किटांच्या डब्याचं झाकण वाजलं की खालच्या बेकरीतून मी हजर. भट्टीतला पाव कधी झाला ते मी कानानं ओळखतो, झाकण काय चीज आहे!

९ मार्च, दुपारी चार
झाकण वाजलं. धावलो. जावई. तोंड भरलेलं, मिशीत क्रीम. किळस आली.
डबा जप्त करून खाली आणला. तपासण्यापुरती तीन खाल्ली.

१४ मार्च
शोध लावला! बिनसाखरेची बिस्किटं. फक्त मध, खजूर आणि मनुका. लेकीनं चार खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं बिचारीच्या. दोन तासांनी घरच्या मशीनवर रीडिंग १९४, हवं एकशेवीसच्या आत. म्हणाली, बाबा, मध म्हणजे काय मीठ असतं का?

बायकोनं पातेलं आपटलं. अर्थ कळला.

२ एप्रिल
आता इन्सुलिन. पोर सुई बघून दचकते. धीर द्यायला म्हटलं, आधी माझं बोट टोच. २६८. मी हसलो. अहो, दिवसभर आयसिंगमध्ये हात, बोटालाच साखर!
हात धुऊन पुन्हा. २५१. साबण वासाचा होता.
मशीनच खोटं आहे. मग पोरीचे आकडेही खोटे! तिला म्हटलं, दोन दिवस सुई राहू दे.

५ एप्रिल
लेकीनं माझं ऐकलं. हॉस्पिटलात २१२. तिथलंही मशीन त्याच कंपनीचं असणार.
बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. सुई आजपासून परत सुरू, असं लेकीला म्हणाल्या, पण माझ्याकडे बघून. पोर बाहेर येऊन रडली. बाळाला काही झालं तर, एवढंच म्हणाली. खिशात टॉफी होती, ती पुढे केली. बायकोनं हातावर फटका मारला.

२० मे, सकाळी
नात! सव्वाचार किलो! अख्ख्या वॉर्डात सांगून आलो, आमच्याकडे माल वजनदारच निघतो. नर्स म्हणाली, आजोबा, हे वजन कौतुकाचं नाही, साखरेचं आहे.

२० मे, दुपारी
नातीची साखर पडली. ३१. काचेच्या खोलीत नेली. श्वास भराभर चालला होता. हातभर पोर, तिच्या हातात सुई, सुईतून साखरेचं पाणी. तपासणीचं तेच गोड पाणी. मला बघवेना.

२३ मे
नात आईजवळ आली. साखर ठीक, श्वास ठीक. दूध ओढते म्हणे जोरात. लेक थकलेली. मला जवळ बोलावलं. वाटलं, नाव विचारतेय काय ठेवू म्हणून. म्हणाली, बाबा, आता तुमचं रक्त तपासायचं. आईनं फॉर्म भरलाय.
दिलं. मशीनवर नाही, दंडातून, बाटलीत. हात दोनदा धुतले, बिनवासाच्या साबणानं.

२४ मे
माझा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी साखर साडेनऊ टक्के. पावणेसहाच्या आत हवी.