चौथ्या पानावरची नोटीस

मुंद्रा, गुजरात
५ जानेवारी २०२६

ती. अक्षदाताईस,
राजरत्नचा सप्रेम जय भीम. वि. वि.

मी बरा आहे. बंदरात कंटेनर मोजायचं काम आहे. कंटेनर पळत नाहीत, तेवढाच आराम. कॅन्टीनच्या डाळीतून ताटाचा तळ दिसतो.

पत्र लिहितोय कारण पप्पांनी माझा नंबर ब्लॉक केलाय, हे तू त्यांना दाखवू शकशील. तसंही त्यांच्या मते बोललेलं वाऱ्यावर जातं, कागदावरचं राहतं. ऐकलं की आपल्या 'दैनिक तीन स्टेशन'ला पंधरा फेब्रुवारीला चाळीस वर्षं होतायत. मला यायचंय. पण येऊ कसा? पेपरात बसणार नाही म्हणून इकडे आलो, तर लगेच त्यांनी आपल्याच पेपरात जाहीर नोटीस टाकली: माझा मुलगा राजरत्न माझ्या सांगण्यात नाही, त्याच्याशी माझा संबंध उरलेला नाही. लोकं अशी नोटीस द्यायला वकील गाठतात, मला घरचीच मिळाली. शेजारी पिठाच्या गिरणीची जाहिरात, ती माझ्यापेक्षा मोठी. दोस्त लोकांनी फोटो पाठवून अभिनंदन केलं.

नोटीस कायम असताना मी दारात उभा राहिलो तर पेपर खोटा पडेल. तू विचार त्यांना. आईला सांग, वेळेवर जेवतो.

लोभ पहिल्यासारखा चालू ठेव, टोमणे जरा कमी कर.
तुझा,
राजरत्न


अंबरनाथ पश्चिम
२० जानेवारी २०२६

चि. राजरत्न यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू नववीतून उठलास, अक्षर अजून तिथेच बसलंय.

पप्पा विशेषांकासाठी पेपरचा इतिहास लिहितायत. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या भाड्याच्या गाळ्यात, पायाने चालवायच्या छपाई मशीनवर पहिला अंक कसा काढला. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, म्हणून तीन स्टेशन. आणि कुठल्या भागात पाणी कधी येणार हे पहिल्या पानावर छापायला लागले तेव्हा कुठे खप वाढला. आपले वाचक आधी बादल्या भरतात, मग बातम्या वाचतात. प्रूफ मीच तपासत होते. शेवटी लिहिलं होतं: संपादकांना एक मुलगी आहे.

मी विचारलं, आणि तो? तर म्हणाले, एकदा छापलंय त्याच्या उलट कसं छापू? मग आधीचं मागे घ्या, मी म्हटलं. दोन दिवस माझ्याशी अबोला. काल चौथ्या पानावर आलं: मी रामभाऊ, माझा मुलगा राजरत्न यास घरात परत घेत आहे, कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी. मी म्हटलं, पोरगा आहे की बदलापूरचा प्लॉट? पद्धत म्हणजे पद्धत, म्हणाले.

नाथाकाकांची हरकत आजच आली. तुझ्या खाटेवर हल्ली ते झोपतात, त्यांची सोय काय? पप्पांनी ती गंभीर चेहऱ्याने फाइलला लावली. आलेली प्रत्येक हरकत छापणार, आणि एक जरी मान्य झाली तरी तुझं येणं रद्द, असं ठरवून बसलेत. मला धाकधूक आहे ती वेगळीच. सकाळी आईने पेन मागितलं. कशाला, तर लेखी द्यायचंय म्हणाली. आणि कागद घेऊन स्वयंपाकघरात गेली.

माया आहे. ती छापून मागू नकोस.
तुझी,
अक्षदाताई


मुंद्रा
४ फेब्रुवारी २०२६

ती. पप्पांस,
राजरत्नचा सविनय जय भीम. वि. वि.

ताईने टपालाने अंक पाठवला. नाथाकाकांची हरकत नामंजूर झाली ते बघितलं. मग पहिल्या पानावर, पाण्याच्या वेळांखाली, आईची वाचली. तिला सामानाच्या यादीपलीकडे काही लिहिताना मी पाहिलं नव्हतं. पण हे एकदम कडक आहे: मी शीला, सदर मुलाची आई. परत घेत आहे या शब्दांना माझी हरकत आहे. मी त्याला बाहेर काढलेलंच नाही. पहिली नोटीस मला न विचारता टाकली होती. सबब दोन्ही नोटिसा रद्द समजाव्यात.

आणि खाली तुमचं: हरकत मान्य. संपादक.

खोलीतल्या ओडिशाच्या पोराला हिंदीत समजावलं. त्याच्याकडे घरात भांडण झालं की भांडी फेकतात म्हणाला, पेपर नाही काढत. फुल हसला. मी जरा बाहेर जाऊन उभा राहिलो.

नोटिसाच रद्द, म्हणजे मी कधी बाहेर नव्हतोच, तर चौदाला पोचतो. पेपरात बसायला नाही, ते आत्ताच सांगतो. आठवडाभर राहीन, विशेषांकाच्या घड्या घालीन, आईच्या हातचं जेवीन, आणि परत कंटेनर. नाथाकाकांना खाट राहू दे, मी खाली झोपेन. इतिहासात माझं नाव घालणार असाल तर शिक्षण लिहू नका.

यावर तुमची काही हरकत असल्यास आईकडे लेखी द्यावी.

तुमचा,
राजरत्न